शक्तिहारिणीची शक्ती काढून घेण्याबाबत

आमच्या वसाहतीच्या इतिवृत्ताच्या वहीत ठराव क्रमांक सतरा असा आहे : ‘चित्रकला शिक्षक श्री. अनंतराव यांनी काढलेल्या शक्तिहारिणी या पात्राची शक्ती येत्या गुरुवारच्या आत काढून घ्यावी. सूचक : नीलाबाई. अनुमोदक : सर्व.’ सोळावा ठराव गटारीचा आहे आणि अठरावा परत गटारीचाच. मध्ये मी. उदगीरच्या शाळेत बावीस वर्षं फळांची परडी शिकवणाऱ्या माणसाचं नाव एरवी कुठल्या वहीत येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं होतं.

झालं असं की जिल्हा नवा झाला. उस्मानाबादेतून फुटून लातूरला तीन वर्षं होत आली होती, आणि आमच्या मुख्याध्यापकांनी फतवा काढला की नव्या जिल्ह्यासाठी प्रत्येक शिक्षकानं काहीतरी नवं करावं. भूगोलवाल्यांनी नकाशा काढला. संगीतवाल्यांनी पेटी दुरुस्तीला टाकली आणि तिचं आजवर काही कळलं नाही. मी म्हटलं, आपण मुलांसाठी चित्रकथा काढू. दर महिन्याला चार पानं, शाळेच्या सायक्लोस्टाईलवर.

बाहेरून येणाऱ्या चित्रकथांमधले नायक उडतात, भिंती फोडतात, डोळ्यांतून जाळ काढतात. आमच्या गावात शक्तीवाल्यांचा तुटवडा कधीच नव्हता. कुणाच्या अंगात येतं, कुणाला शेजाऱ्याच्या मनातलं कळतं, कुणाच्या दारात टँकर आपोआप थांबतो. तुटवडा होता तो या शक्ती बंद पाडणाऱ्याचा. म्हणून माझी नायिका दहा वर्षांची पोर, दोन वेण्या, परकराला सेफ्टी पिन. तिच्या अंगात ताकद वगैरे काही नाही. ती फक्त शक्तिमान माणसासमोर जाऊन उभी राहते आणि म्हणते, ‘परत करून दाखवा.’ की त्याची शक्ती गेली! पहिल्या अंकात उडणारा माणूस असा धाडकन कडब्याच्या गंजीवर पडला, की पाचवी ‘ब’च्या मुलांनी बाकं वाजवली.

कल्पना माझीच, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे ती समोरच्या घरात राहत होती. पंचायत समितीतले कारकून रामकिशन यांची ही मुलगी, सरजा. एकदा मी ओसरीवर बसून पाच रेघांत सफरचंद काढलं. इतकं सुरेख जमलं की माझ्या बायकोनं, प्रमोदिनीनंसुद्धा ‘बरंय’ म्हटलं, आणि ती असं सहसा म्हणत नाही. सरजा जवळ आली, नीट बघितलं आणि म्हणाली, ‘‘सर, परत काढून दाखवा ना.’’ मी काढलं. वांगं झालं. तिसऱ्यांदा काढलं, ते कशाचंच झालं नाही. त्या दिवसापासून मी त्या पोरीला वचकून असतो.

अंक छापायचा तर परवानगी हवी, असं मुख्याध्यापकांना दुसऱ्या अंकानंतर सुचलं. मी लातूरला गेलो. कुठल्या कार्यालयात गेलो ते सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. ते म्हणाले, ‘हा विषय अजून उस्मानाबादलाच आहे.’ उस्मानाबादला गेलो, तर ते म्हणाले, ‘तुम्ही आता आमचे राहिला नाहीत.’ हे इतक्या दुःखानं म्हणाले की मीच त्यांची समजूत काढली. शेवटी लातूरच्या एका कपाटामागून एक छापील नमुना निघाला. रकाना नववा : ‘पात्र हयात व्यक्तीवर आधारित आहे काय?’ मी डोळे मिटून लिहिलं, ‘नाही.’ नमुना आत गेला आणि नव्या जिल्ह्यात हरवला.

इकडे वसाहतीत ज्याला त्याला त्या अंकांत स्वतःचा चेहरा दिसायला लागला. दुसऱ्या अंकात एक अदृश्य होणारा माणूस होता. आमच्या संस्थेचे अध्यक्ष अमृतराव, निवृत्त नायब तहसीलदार, तो अंक घेऊन माझ्याकडे आले. ‘‘मास्तर, ह्याच्या मिशा माझ्याच हायत.’’ मी म्हटलं, साहेब, तो तर अदृश्य आहे, मिशा कुठून दिसल्या? ‘‘अदृश्य व्हायच्या आधीच्या चित्रात हायत की.’’ शेजारच्या नीलाबाईंनी सल्ला दिला की पोरीच्या कपाळावर टिळा काढा म्हणजे ती देवाची वाटेल आणि कुणी रागावणार नाही. दुसऱ्या एकानं सांगितलं, तिचं लग्न लावून द्या, गोष्ट संपेल. दहाव्या वर्षी? ‘‘चित्रातच तर हाय.’’

तिसऱ्या अंकात मी जमिनीखालचं पाणी हुंगणारा माणूस काढला, आणि तिथं माझं नशीब फुटलं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. सलग दुसरं. वसाहतीच्या आडाच्या तळाशी एक चप्पल, दोन डबे आणि कुणाचा तरी चष्मा स्वच्छ दिसत होता. टँकर तीन दिवसांआड. रांगेत हंडे, हंड्यांच्या मागे घागरी, घागरींच्या मागे कुणीतरी जागा धरायला ठेवलेली वीट. या विटांवरून भांडणं होत, आणि वीट कुणाची हे ओळखणारे तज्ज्ञही तयार झाले होते. अशात रामकिशननं अकरा वेळा लातूरच्या एसटीत उभं राहून, टेबलामागून टेबल गाठून, आमच्या वसाहतीला एक हापसा मंजूर करून आणला. बोअरची गाडी येत्या गुरुवारी येणार. एकच बोअर. कोरडा गेला तर पुन्हा नंबर कधी लागेल ते त्या गाडीवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

एकच बोअर म्हटल्यावर जागा दाखवायला पाणाड्या हवाच. आमच्याकडचे नाणावलेले पाणाडे म्हणजे मडिवाळप्पा. कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालत राहायचं आणि खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. सोमवारी सकाळी ते आले. सगळी वसाहत मागे. मडिवाळप्पा चालले, चालले, एका जागी नारळ थरथरला, आणि तेवढ्यात त्यांची नजर सरजावर पडली. ती काही बोलली नव्हती. नुसती बघत होती. नारळ होता तसा आडवाच राहिला.

मडिवाळप्पांनी नारळ पिशवीत टाकला. ‘‘बेडा, बेडा!’’ म्हणाले. म्हणजे नको, नको. ‘‘माझ्या नातवानं वाचून दाखीवलंय मला ते पुस्तक. हीच ना ती? ही असताना नारळ उठत न्हाई बघा. गुरुवारी येतो. पर ही नसंल तर.’’

संध्याकाळी सभा झाली. रामकिशन त्या दिवशी गाडीच्या डिझेलचा कागद घ्यायला लातूरला गेलेला, बारावी खेप. सभेत कुणीही असं म्हणालं नाही की पोरीत काही वाईट आहे. सगळे फार मायेनं बोलले. नीलाबाई म्हणाल्या, ‘‘लेकरू गुणाचं हाय, पर चार दिस मामाकडं किनवटला जाऊ द्या की. तिकडं झाडी हाय, बरं वाटंल तिला.’’ कुणी म्हणालं, पोरीला कशाला पाठवता, मास्तरनं शक्ती दिली, मास्तरच काढून घेईल. मग दोन्ही ठरलं : मी गुरुवारच्या आत अंक काढून शक्ती काढून घ्यायची, आणि खबरदारी म्हणून पोर किनवटला, हे मात्र वहीत न लिहिता. मी उभा राहिलो. ‘सभ्य गृहस्थहो’ इथपर्यंत बोललो. पुढे घसा बसला, आणि कुणीतरी मला पाणी प्यायला दिलं. त्या दिवसांत कुणी पाणी दिलं तर त्याच्याविरुद्ध बोलवत नाही.

रामकिशनला निरोप द्यायचं कामही माझ्याकडेच आलं. ‘‘तुमचंच पात्र हाय,’’ अमृतराव म्हणाले.

मी गेलो तेव्हा तो नुकताच एसटीतून उतरून पायातले बूट काढत होता. ओसरीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, खाली सरजाचं दप्तर. डिझेलचा कागद मिळाला होता. त्यानं तो मला इतक्या आनंदानं दाखवला की मी तो दोनदा वाचून काढला. शेवटी निरोप सांगितला. ठराव आहे, एकमतानं आहे, चारच दिवस, किनवटला झाडी आहे, हे सगळं.

त्यानं कागदाची घडी घातली. आवाज चढवला नाही.

‘‘सर, पाण्यापासून लांब उभं राहा, हे आमच्या घरात नवं न्हाई. माझ्या आजीनं लई ऐकलं. सरजाबाई नाव होतं तिचं. हिचं नाव तिचंच ठेवलंय.’’ मग कागद खिशात घालत म्हणाला, ‘‘पाणी मी आणून राहिलो, अन् माझीच पोर गावाबाहेर?’’

मला लाज वाटली. आजवर सभेत घसा बसल्याची, सफरचंदाचं वांगं झाल्याची अशा पुष्कळ लाजा मी सोसल्या आहेत आणि त्या सांगून चार माणसांना हसवलंही आहे. ही तशी सांगता येत नाही. मी उठलो.

घरी येऊन निदान ठरावाचा पहिला भाग तरी उरकावा, म्हणजे दुसऱ्याची गरज पडणार नाही, असा मी व्यवहारी विचार केला. स्टेन्सिल घेतली. शक्तिहारिणी आजारी पडते आणि उठते तेव्हा तिची शक्ती गेलेली असते, असा अंक काढला. दुसऱ्या दिवशी तो सरजाला दाखवला. माझे सगळे अंक छापण्याआधी ती तपासत असे, हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं चारही पानं वाचली. ‘‘सर, ताप येऊन शक्ती कशी काय गेली?’’

‘‘जाते कधीकधी.’’

‘‘पर तिला शक्ती कुठं होती? ती तर नुसतं विचारती. ताप आल्यावर विचारता येत न्हाई का?’’

मी स्टेन्सिल परत हातात घेतली. मग तिनं हळूच विचारलं, ‘‘मला किनवटला धाडणार हाय म्हणं. कामून? मला गाडी बघायची हाय, सर. बाबांनी आणलीय.’’

प्रमोदिनी आतून ऐकत होती. ती बाहेर आली, ती स्टेन्सिल माझ्या हातातून घेतली, चुलीकडे गेली आणि परत आली ती रिकाम्या हातानं. ‘‘स्टेन्सिल छान पेट घेते,’’ एवढंच म्हणाली. मी टोपी घातली आणि अमृतरावांकडे गेलो. या वेळी ‘सभ्य गृहस्थहो’ म्हणायच्या भानगडीतच पडलो नाही. शक्ती काढणार नाही, पोर कुठं जाणार नाही, गुरुवारी मी तिच्या शेजारी उभा राहणार, असं तीन वाक्यांत सांगून टाकलं. बोअर कोरडा गेला तर? अमृतरावांनी विचारलं. ‘‘तर माझ्या नावानं ठराव करा,’’ म्हटलं आणि पाणी न पिता परत आलो.

गुरुवारी सकाळी नऊला गाडी आली. केवढी ती गाडी, आणि केवढा तो धूर! ड्रायव्हर आंध्रातला, त्याला मराठीतलं ‘चहा’ आणि ‘लवकर’ एवढंच येत होतं. संध्याकाळी त्याला अहमदपूरला दुसरा बोअर पाडायचा होता. वसाहतीच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून त्याची माणसं चहाला बसली.

मडिवाळप्पा तयार होते. सरजा तिच्या ओसरीच्या पायरीवर, रामकिशन तिच्यामागे, मी बाजूला. सगळी वसाहत आमच्याकडे पाठ करून उभी होती, आणि पाठ केलेल्या माणसाचे कानसुद्धा किती रागावलेले दिसतात ते मला त्या दिवशी कळलं. मडिवाळप्पांनी आमच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं असावं. ते चालले, आणि नारळ उभा राहिला. कुठे? तर अमृतरावांच्या फाटकासमोर, अगदी बिजागरीला लागून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमृतरावांनी आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला.

आणि माझ्या शेजारून बारीक आवाज आला. ‘‘आजोबा, परत करून दाखवा ना. डोळे बांधून.’’

टाळ्या थांबल्या. मडिवाळप्पा वळले. मला वाटलं, आता शिव्या. पण माणूस मानी होता. ‘‘दाखीवतो की! भितो का काय मी?’’ म्हणाले. प्रमोदिनीनं पंचा आणला, डोळे बांधले, चार गिरक्या दिल्या. मडिवाळप्पा निघाले. नारळ पहिल्यांदा उभा राहिला तो आमच्या मोरीचं पाणी जिरतं तिथं. दुसऱ्यांदा नीलाबाईंच्या तुळशीपाशी. तिसऱ्यांदा बोअरच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी. पंचा सोडल्यावर त्यांनी ते चाक पाहिलं आणि खाली बसले.

मग जो गलका झाला! ‘‘पोरीनं घालीवली शक्ती!’’ ‘‘मास्तरला धरा!’’ ‘‘पहिलीच जागा खरी!’’ ‘‘मोरीचं पाणी बी पाणीच हाय की!’’ अमृतराव फाटकाला पाठ लावून उभे, नीलाबाई तुळशीला. रामकिशन सगळ्यांना शांत राहा, शांत राहा म्हणत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

या सगळ्यात ड्रायव्हरचा चहा संपला. त्याच्या हुकुमाच्या कागदावर लिहिलं होतं, ‘खुणेच्या जागी’. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. मोकळ्या जागेच्या मधोमध पांढऱ्या फक्कीनं आखलेलं एक झकास रिंगण होतं. त्यानं गाडी मागे घेतली, पाईप उभा केला आणि सुरू केलं.

ते रिंगण पोरांचं होतं. क्रीडादिनाची उरलेली फक्की मीच त्यांना दिली होती. शक्तिहारिणीचा खेळ निघाला होता त्यांच्यात : ज्याला जी हवी ती शक्ती घ्यायची, उडायचं, अदृश्य व्हायचं, पण रिंगणात पाय पडला की कुणाचीच शक्ती चालत नाही, मग अमृतरावांचा नातू का असेना. रिंगण आखायचं काम सरजाचं.

अमृतराव धावले. ‘‘थांबव! थांबव!’’ ड्रायव्हर म्हणाला, ‘‘लवकर, लवकर,’’ आणि यंत्राचा जोर वाढवला. पाईप आत उतरायला लागल्यावर काय बोलणार? पन्नास फूट गेले, शंभर गेले. पांढरी धूळ उडत होती, सगळ्यांच्या मिशा, वेण्या, टोप्या पांढऱ्या झाल्या. दीडशे. धूळच. आता पाठ केलेली माणसं हळूहळू आमच्याकडे तोंडं वळवायला लागली. पावणेदोनशे. सरजानं विचारलं, ‘‘सर, कोरडा गेला तर तो माझ्यामुळं गेला असं व्हतं का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही बेटा.’’ तिनं माझं बोट धरलं की मी तिचं, ते आता आठवत नाही. बोटं गार पडली होती, आणि बहुतेक माझी.

दोनशे दहा फुटांवर धूळ उडायची थांबली. पाईपच्या तोंडाशी नुसता चिखल आला. ड्रायव्हर वाकला, चिखल बोटावर घेतला आणि ओरडला, ‘‘नीळ्ळू! नीळ्ळू!’’ हा तेलुगू शब्द कुणी कुणाला समजावून सांगितला नाही. पुढच्या क्षणी गढूळ पाण्याचा फवारा उडाला आणि आमच्या वसाहतीतली साठ माणसं त्याच्याखाली नाचली. अमृतरावही नाचले. रामकिशन मात्र खाली बसला आणि रुमालानं तोंड पुसत राहिला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पाण्यात भिजलेल्या नीलाबाई एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं बया, रिंगण कुणी काढलं व्हतं?’’

अर्ध्या तासात सरजा पाणाडी झाली! नीलाबाई नारळ घेऊन तिच्या पाया पडायला गेल्या, तर ती आमच्या घरात पळाली. अमृतरावांनी जागच्या जागी ठराव एकोणिसावा मांडला की सदर मुलीत दैवी शक्ती असल्याचं वसाहतीनं ओळखलं होतंच. मी म्हटलं, सतराव्याचं काय? म्हणाले, ‘‘तो बी त्याच शक्तीबद्दल हाय.’’ माणूस महसूल खात्यात उगाच चाळीस वर्षं टिकला नव्हता. मडिवाळप्पा शेवटी तिच्याजवळ आले. ‘‘पोरी, खरं सांग. तुला कसं कळलं?’’

‘‘मला न्हाई कळलं, आजोबा. तिथं खडे कमी हायत, म्हणून.’’

मडिवाळप्पा आमच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, ‘‘मला बी कधी-कधी न्हाई कळत.’’ पिशवीतला नारळ काढून त्यांनी पायरीवर फोडला आणि अर्धी वाटी तिला दिली.

तिसऱ्या दिवशी देवणीकडून जीप आली. सहा माणसं, सुकलेले चेहरे, गावात आड कोरडा. पोरीला फक्त एक रिंगण आखू द्या, म्हणाले. एक म्हातारा हात जोडून रडलाच. वसाहत भोवती जमली. फक्कीचा डबाही कुणीतरी आणून ठेवला. सरजानं त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि तिचेही डोळे भरले.

‘‘मला येत न्हाई, आजोबा.’’

‘‘आलं की माय. सगळ्यांनी बघितलंय.’’

‘‘एकदा कुणाला बी येतं,’’ सरजा म्हणाली. ‘‘परत आलं पाहिजे.’’

रामकिशन आत गेला, टाक आणि कोरा कागद घेऊन आला, त्या सहाजणांना ओसरीवर बसवलं आणि जमीन तपासणाऱ्या सरकारी माणसासाठी अर्ज लिहायला घेतला. लातूरला कुठल्या टेबलावर द्यायचा, कुठला साहेब जेवणानंतर भेटतो, कुठल्या कपाटामागं बघायला लावायचं, हे सगळं त्यानं त्यांना दुसऱ्या कागदावर लिहून दिलं. तेराव्या खेपेला तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला.

चौथा अंक मी त्याच आठवड्यात काढला. शक्तिहारिणीला लोक मखरात बसवतात, आणि ती पाण्याच्या घागरीत स्वतःचा चेहरा बघून म्हणते, ‘परत करून दाखव.’ मखर मोडतं, ती खाली उतरते आणि खेळायला जाते. सरजानं तपासून दिला. म्हणाली, घागर नीट आली न्हाई, परत काढा. काढली.

परवा, म्हणजे सहा महिन्यांनी, लातूरहून माझा नमुना परत आला. परवानगी दिलेली नाही आणि नाकारलेलीही नाही. नवव्या रकान्यापुढे लाल शाईत शेरा होता : ‘खात्री करून पुन्हा भरावा.’ सकाळची वेळ होती. खिडकीतून हापसा दिसत होता, दांड्याला लटकून पाणी उपसणारी पोर दिसत होती, तिच्यामागे घागरी, अमृतराव आणि दोन विटा.

मी ‘नाही’ खोडलं आणि लिहिलं : ‘होय. सरजा रामकिशन, वय दहा, राहणार आमच्या समोर. सध्या पाण्याच्या रांगेत पहिला नंबर.’